एकाच संगणकावरील दोन आज्ञावलींमधील संवाद : आधार पडताळणीच्या संदर्भात

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वितरण झाले. पुढे रेशन, बँक व्यवहार अशा अनेक कामी बोटाच्या ठशाने ओळख पटविण्याची पद्धत रूढ झाली. बोट यंत्रावर टेकल्यानंतर केंद्रचालकाच्या संगणकात काय घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संगणकावर एकाच वेळी चालणाऱ्या दोन आज्ञावलींना सुरक्षिततेसाठी परस्परांच्या स्मृतीत प्रवेश नसतो. त्यामुळे त्यांना निरोपांची देवाणघेवाण करावी लागते. विंडोजमध्ये १९८७ साली आलेली 'डायनॅमिक डेटा एक्स्चेंज' ही त्याची एक जुनी रीत होय.

आधारच्या नोंदणीकृत उपकरणांसाठी याहून सुटसुटीत मार्ग योजण्यात आला. ठसायंत्राची सेवा ही स्वतंत्र आज्ञावली असून ती १२७.०.०.१ या, म्हणजे त्याच संगणकाच्या पत्त्यावर, १११०० ते १११२० यांपैकी एका पोर्टवर वाट पाहत असते. केंद्रचालकाची आज्ञावली हे पोर्ट एकेक करून चाचपते. एकवीस दारे ठोठावण्याची ही रीत देखणी नाही, पण काम भागते! 'आरडीसर्व्हिस' हा निरोप पोहोचला की यंत्र सज्ज आहे किंवा नाही, एवढे उत्तर येते. त्यानंतरच्या 'कॅप्चर' या निरोपात किती बोटे घ्यावयाची आणि किती मिलिसेकंद थांबावयाचे, हे नमूद असते. उत्तरादाखल येणारा ठसा कूटबद्ध असतो. मागणाऱ्या आज्ञावलीलाही तो वाचता येत नाही.

याच उत्तरात त्रुटीचा क्रमांक असतो. ० म्हणजे ठसा मिळाला, ७०० म्हणजे मुदत संपली, ७२० म्हणजे उपकरण सज्ज नाही. ठसा जुळतो की नाही, याचा निर्णय मात्र येथे होतच नाही. तो प्राधिकरणाच्या केंद्रीय यंत्रणेत होतो आणि न जुळल्यास तेथून ३०० हा क्रमांक येतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने हे सारे क्रमांक 'ठसा जुळला नाही' या एकाच वाक्यात कोंबले, तर दोष यंत्राचा असूनही तो समोरच्या माणसाच्या माथी बसतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला सैल केबलपायी परत फिरावे लागते. ७२० दिसल्यास केबल तपासावी, ७०० आल्यास तेच बोट पुन्हा टेकवावे. दुसऱ्या बोटाचा वा अन्य पर्यायाचा विचार ३०० आल्यावरच करावयाचा असतो.