माळाचं भलं करताना

बारामती-इंदापूरच्या माळरानाची गेली सव्वाशे वर्षं पाहिली, तर त्याचं नुकसान हेळसांडीपेक्षा भलं करण्याच्या खटपटीनेच अधिक झालेलं दिसतं. हा पट्टा पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जमीन मुरमाड आणि उथळ. कुसळी, पवन्या, मारवेल असं गवत आणि मधूनच एखादं हिवर, बोर किंवा बाभूळ, हेच इथलं पूर्ण वाढलेलं रान. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला, पुढे १९८०च्या सुमारास उजनी धरण झालं. पाणी पोचलं तिथे ऊस उभा राहिला आणि उरलेला माळ सरकारी हिशेबात पडीक ठरला. मग त्याला ‘सुधारायला’ चर खणले गेले, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली. चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, पखुर्डी यांना मात्र लांबवर नजर पोचेल असं मोकळं रानच लागतं.

१९९७ मध्ये सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य घोषित झालं. क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर, पण चिंकारा तिथे टिकला. त्याउलट सोलापूरकडचं १९७९चं माळढोक अभयारण्य कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं, तरी आज माळढोक दिसणं दुर्मीळ झालं आहे. म्हणजे नुसत्या सीमारेषेने काही ठरत नाही. आजूबाजूला गवत किती उरलं, यावर ठरतं. लांडग्याचा वावर तर एका अभयारण्यात मावणारा नाहीच. इंदापूरच्या कडबनवाडीचा माळ अभयारण्य नसूनही चिंकारा आणि लांडगा सांभाळतो.

झाडं लावण्यात वाईट काय, असं कुणी विचारेल. ओढ्याकाठी, बांधावर, गावठाणात ती जरूर लावावीत. पण गवतही मुळांवाटे जमिनीत कार्बन साठवतं आणि माती धरून ठेवतं. ते उखडून रोपं लावणं म्हणजे एक रान मोडून दुसरं अर्धवट उभं करणं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लांडगा मेंढरं मारतो, त्याचा भार धनगरांनी का सोसावा? एकट्याने सोसू नये, हेच उत्तर. भरपाई वेळेत मिळायला हवी. शिवाय चराई सरसकट बंद करण्यापेक्षा आळीपाळीने ठेवली, तर मेंढपाळ माळाचा राखणदार होतो. कळपांशिवाय इथल्या लांडग्याचं पोट भरणं कठीण, हेही विसरून चालणार नाही.

२०२४ मध्ये वन विभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे गवताळ सफारी सुरू केली. पडीक म्हटलेल्या माळाला आता तिकीट लागलं, हा बदल मोठाच. मात्र पर्यटक येतात म्हणून माळ राखायचा, हा आधार तकलादू आहे. गवताळ प्रदेश म्हणून त्याची स्वतंत्र नोंद होईपर्यंत, पुढची वृक्षलागवड किंवा औद्योगिक वसाहत जागा शोधत पहिल्यांदा इथेच येणार.