पाण्याखालचा श्वास (लेखांक सहावा) : होजच्या अंतरंगाची परीक्षा

सिलिंडरात कोंडलेल्या २०० बारच्या हवेचा दाब रेग्युलेटरची फर्स्ट स्टेज भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार अधिक, एवढ्यावर कसा आणते, याचे विवेचन मागील लेखांकात केले. ती हवा ओठांपर्यंत पोहोचवणारी नळी, म्हणजे होज, कोणत्या द्रव्याची असावी हा आजचा प्रश्न. आणि तो ज्या पाणबुड्यांचे बिऱ्हाड मानखुर्दला, ठाण्याच्या खाडीच्या दमट वाऱ्यात आहे, त्यांना अधिक आस्थेने सांगावासा वाटतो. पावसाळ्यात मालवण-तारकर्लीचा समुद्र बंद झाला की त्यांची सारी साधने चार महिने कपाटात नाहीतर माळ्यावर पडून राहतात, आणि होजचे आयुष्य जितके पाण्यात झिजते तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, या विश्रांतीच्या काळात झिजते.

बाजारात मुख्यतः दोन जाती आढळतात. पहिली जुन्या वळणाची रबरी : आत कृत्रिम रबराचे अस्तर, मध्ये धाग्यांची बळकट वीण, बाहेर पुन्हा रबराचे कवच, आणि आत झिरपलेली हवा साठून फुगवटा येऊ नये म्हणून त्या कवचाला बारीक छिद्रे. दुसरी जात विणीच्या वेष्टनाची : आत थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची नळी आणि बाहेर नायलॉनसारख्या धाग्यांचे रंगीत, मुलायम वेष्टन. ही हलकी असते, हवी तशी वळते, आणि प्रवासाच्या बॅगेत थोडी जागा घेते. तिची लोकप्रियता अकारण नाही.

परंतु डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेने काही वर्षांपूर्वी पुढे आणलेला एक दोष आपल्या हवामानात विशेष चिंतनीय आहे. पॉलिएस्टर वर्गाच्या पॉलियुरेथेनमधील एस्टर-बंध उष्णता आणि बाष्प यांच्या दीर्घ सहवासात तुटू लागतात. त्या विघटनातून निर्माण होणारी आम्ले पुढील विघटनाला वेग देतात. आणि सुटे झालेले घटक नळीच्या आतील भिंतीवर स्फटिकरूपाने जमतात. मार्ग त्यामुळे अरुंद होतो, क्वचित कण सुटून सेकंड स्टेजपर्यंत, म्हणजे तोंडात धरायच्या भागापर्यंत, जातात, आणि बाहेरचे वेष्टन मात्र नव्यासारखे टवटवीत दिसते. पॉलिईथर वर्गाचे पॉलियुरेथेन या जलविच्छेदनाला सहजासहजी बळी पडत नाही. म्हणून विणीचीच होज घ्यायची असेल तर अस्तर कोणत्या वर्गाचे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, आणि तो तपशील मिळत नसेल तर सौदा तेथेच थांबवावा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्यात उष्म्याची भर पडते. दोषाला याहून अनुकूल परिस्थिती कोणती?

माझा कौल रबराला आहे, आणि तो जुनेपणाच्या मोहाने नव्हे. रबर बहुधा सूचना देऊन खचते. धातूच्या टोकाजवळ नळी वाकवली की तडा दिसतो, फुगवटा हाताला लागतो. विणीखाली हे सारे झाकलेले राहते. तांत्रिक डायव्हिंगमध्ये, जेथे वर जाण्याचा मार्ग डिकम्प्रेशनच्या बंधनाने किंवा डोक्यावरच्या छताने अडलेला असतो, तेथे दोष आधी कळणे हेच साधनाचे मोठे मोल. शिवाय संकटातील सोबत्याला हवा देण्यासाठी बाळगायची सुमारे दोन मीटर लांबीची होज हलकी असली तर पाण्यात तरंगून अडकण्याचा संभव वाढतो. रबरी होज आपल्या वजनाने अंगालगत राहते.

एका गैरसमजाचा उल्लेख येथे करणे अवश्य आहे. उच्च दाबाची, मापकाकडे जाणारी होज फुटणे सर्वांत भयंकर, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तिच्या मुखाशी सुईच्या अग्राएवढे छिद्र ठेवलेले असल्याने हवा हळूहळू जाते, आणि श्वासाची कमी दाबाची होज फुटली तर सिलिंडर कितीतरी वेगाने रिकामे होते. तपासणीचा क्रम म्हणूनच श्वासाच्या होजपासून लावावा.

साधने गोड्या पाण्यात धुताना, रेग्युलेटर दाबाखाली नसेल तर सेकंड स्टेजचे बटण दाबू नये. झडप उघडून पाणी नळीत शिरते आणि बाष्पाचा शत्रू आपणच घरात घेतो. पूर्ण निथळल्यावर होज मोठ्या वळशात, टोकांना ताण न देता, उन्हाआड व हवेशीर जागी ठेवावी. बहुतेक होजांवर निर्मितीची तारीख छापलेली असते. ती नोंदवहीत उतरवून घ्यावी आणि पाच वर्षांची मुदत भरताच, होज दिसायला कितीही सुस्थितीत असली तरी, बदलावी. विणीची होज असेल तर प्रत्येक पावसाळ्यानंतर ती अनुभवी तंत्रज्ञाकडून सोडवून आतून पाहून घेतल्याशिवाय तारकर्लीची गाडी पकडू नये.