अंबरनाथच्या कारखान्यात एपिक कशाला?

उल्हासनगरच्या दुकानात हिशेब, बिलं आणि जीएसटीसाठी लागणारा पीसी इंटेलच्या कोअर आय३-१२१०० वर आरामात चालतो. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या या प्रोसेसरमध्ये ४ कोअर, ८ थ्रेड; जाहीर किंमत होती साधारण १२२ डॉलर.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एएमडीने सर्व्हरसाठीचा प्रोसेसर एपिक ९६५४ आणला. ९६ कोअर, १९२ थ्रेड, ३८४ एमबी एल३ कॅश (आय३ मध्ये १२), आणि किंमत ११,८०५ डॉलर! म्हणजे एका एपिकच्या पैशात जवळपास ९७ आय३.

मग एपिक ९७ पट वेगवान? मुळीच नाही. एका कोअरचा कमाल वेग आय३ चा ४.३ गिगाहर्ट्झ, एपिकचा ३.७. अंबरनाथ एमआयडीसीतल्या लघुउद्योगाने हौसेने एपिक घेतला, तरी एकाच कोअरवर चालणारं हिशेबाचं काम उलट हळू होईल. वर ३६० वॅटची उष्णता. आय३ ची मूळ मर्यादा ६० वॅट.

एपिकची खरी ताकद गर्दीत दिसते. मेमरीच्या १२ वाहिन्या (आय३ ला २), ६ टीबीपर्यंत रॅम, १२८ पीसीआयई लेन. बदलापूरहून निघालेली लोकलच म्हणा ना: रिक्षाइतकी चपळ नाही, पण हजारो माणसं एकदम नेते. एकाच मशीनवर शेकडो व्हर्च्युअल संगणक चालवायचे, तर तिथे आय३ चं काम नाही. पनवेलला २०२० मध्ये सुरू झालेल्या योट्टासारख्या डेटा सेंटरांत लागतात ते अशा वर्गाचे सर्व्हर.

दुकानासाठी, घरासाठी आय३ च घ्या. उरलेल्या पैशांत एसएसडी आणि चांगला यूपीएस येईल.