छतावरील जुना ॲंटेना डिशच्या सेट-टॉप बॉक्सला जोडता येतो का?
नवी दिल्ली : दूरदर्शनच्या कृष्णधवल काळातील, माशाच्या काट्यासारखा दिसणारा ॲंटेना आणि शेजारी डिशची तबकडी हे दृश्य जुन्या इमारतींच्या छतांवर अजूनही आढळते. दोन्हींच्या केबल सारख्याच दिसत असल्याने ॲंटेनाची केबल डिशच्या सेट-टॉप बॉक्सला लावून मोफत वाहिन्या मिळवण्याचा मोह होतो. ती जोडणी सहसा निरुपयोगी ठरते, प्रसंगी हानिकारकही.

कारण कंप्रतेत आहे. छतावरील ॲंटेना मनोऱ्यावरून येणाऱ्या साधारण 47 ते 862 मेगाहर्ट्झच्या लहरी थेट ग्रहण करतो. तबकडीपुढील एलएनबी हा भाग उपग्रहाकडून येणाऱ्या केयू बँडच्या लहरी 950 ते 2150 मेगाहर्ट्झवर उतरवून केबलमध्ये पाठवतो. बॉक्सचा उपग्रह ट्यूनर याच पट्ट्यात काम करतो; ॲंटेनाचा संकेत त्याच्या कक्षेत येतच नाही. शिवाय एलएनबी चालवण्यासाठी बॉक्स त्याच केबलमधून 13 किंवा 18 व्होल्टचा विद्युतदाब वर पाठवतो. बऱ्याच ॲंटेनांची रचना या दाबासाठी शॉर्ट सर्किटसारखी असते. साध्या टी-जोडाने दोन्ही केबल एकत्र केल्यास तोच दाब दूरचित्रवाणी संचाच्या ॲंटेना खाचेतही पोहोचू शकतो.

केबल एकच असेल, तर डिप्लेक्सर वापरतात. छतावरील डिप्लेक्सर दोन्ही संकेत एका केबलमध्ये घालतो, घरातील दुसरा ते वेगळे करतो. त्यानंतरही ॲंटेनाची वायर दूरचित्रवाणी संचालाच लावावी लागते. अमेरिकेतील काही उपग्रह रिसीव्हरमध्ये भूस्थित प्रक्षेपणासाठी स्वतंत्र ट्यूनर असतो. तेथे स्थानिक वाहिन्या त्याच यादीत दिसतात. भारतातील साध्या बॉक्समध्ये ती सोय नसते. काही जुन्या बॉक्सवर 'आरएफ इन' अशी खाच दिसते खरी, पण ती ॲंटेनाचा संकेत केवळ संचाकडे पुढे सोडते.

मुळात ग्रहण करण्याजोगे प्रक्षेपणच आता थोडे उरले आहे. सामरिक महत्त्वाची ठिकाणे वगळता दूरदर्शनचे ॲनालॉग ट्रान्समीटर 2022 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. मोजक्या शहरांत डीव्हीबी-टी2 पद्धतीचे डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले, मात्र त्यासाठी संचात तसा ट्यूनर हवा. नसल्यास उत्तम ॲंटेनावरही पडदा कोराच राहतो.

मासिक शुल्काविना वाहिन्या पाहण्याचा सोपा मार्ग डीडी फ्री डिशचा आहे. तिचा जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे. त्यामुळे मुंबईत तबकडीचे तोंड आग्नेयेकडे, तर गुवाहाटीत जवळजवळ थेट दक्षिणेकडे ठेवावे लागते. उपग्रह ट्यूनर अंतर्भूत असलेल्या संचांसाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस 18112:2022 हे मानक निश्चित केले आहे. अशा संचाला मोफत वाहिन्यांसाठी वेगळा बॉक्स लागत नाही. जोडणी कोणतीही असो, केबल काढण्यापूर्वी बॉक्सचा प्लग बाहेर काढावा. रिमोटने बंद केलेल्या बॉक्सच्या केबलमध्येही विद्युतदाब असू शकतो.