गावच्या ग्रुपवर लिहिलं म्हणून अब्रुनुकसानीची केस? कायदा काय सांगतो

परभणी : घरकुलाचा हप्ता अडला, रोहयोतून विहिरीचं बिल निघालं पण विहीर दिसेना. जिंतूर असो की पालम, अशी तक्रार आता ग्रामसभेआधी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. लगेच समोरून धमकी, "थांब, अब्रुनुकसानीची केस टाकतो." मग माणूस पोस्ट डिलीट करून गप्प बसतो. पण घाबरण्याआधी कायदा समजून घ्यायला हवा.

कलम कोणतं?
1 जुलै 2024 पासून जुन्या 499 आणि 500 या कलमांची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 ने घेतली. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. ऑनलाइन मजकुराला वेगळं कलम नाही. कागदावर छापा की मोबाइलवर टाका, तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचलं की ते 'प्रसिद्ध' झालं. फौजदारी अब्रुनुकसानीचा कायदा वैध असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्येच दिला आहे.

पोलीस उचलतात का?
हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. त्यामुळे ठाण्यात थेट एफआयआर होत नाही. ज्याची बदनामी झाली त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करावी लागते, तीही तीन वर्षांच्या आत. नव्या कायद्यानुसार दखल घेण्याआधी समोरच्याचं म्हणणं ऐकणं बंधनकारक आहे. मात्र पोस्टमध्ये जातीवाचक शिवीगाळ किंवा धार्मिक तेढ असेल, तर दुसरी कलमं लागतात आणि पोलीस थेट कारवाई करू शकतात.

फॉरवर्ड करणारा आणि ॲडमिन
"मी फक्त फॉरवर्ड केलं" म्हणून सुटका होईलच असं नाही. बदनामीकारक पोस्ट रिट्विट करणं हीसुद्धा बदनामी ठरू शकते, असं दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये म्हटलं. ॲडमिनला मात्र दिलासा आहे. सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात दिला. त्यात ॲडमिनचा स्वतःचा हात असेल तर गोष्ट वेगळी.

खरं लिहिलं तरी?
नुसतं खरं असून भागत नाही. ते लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं आणि ते सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर असतो. सरपंच, ग्रामसेवक यांच्या सरकारी कामावर प्रामाणिकपणे, खातरजमा करून मत मांडायला कायद्यात सूट आहे. त्यांच्या घरगुती गोष्टींना ही सूट लागू नाही.

म्हणून "अमुक माणूस चोर आहे" असं लिहू नका. "अमुक गटातल्या विहिरीचं बिल निघालं, विहीर कुठं आहे?" असं विचारा. आधी माहिती अधिकारात अर्ज करून बिलाची आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत घ्या. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. नोटीस आलीच तर मूळ पोस्ट आणि कागद जपून ठेवा आणि वकील गाठा. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

हातात कागद असला की केसच्या धमकीला घाबरून प्रश्न मागे घ्यायची गरज पडत नाही.