हलणाऱ्या मशीनसाठी केबल कशी निवडायची? चार्जरपासून ड्रॅग चेनपर्यंत, सोप्या भाषेत

एक साधा प्रश्न. तुमच्या फोनच्या चार्जरची वायर नेहमी कुठे खराब होते? मधोमध क्वचितच. बहुतेक वेळा ती पिनच्या अगदी जवळ तुटते. मग आपण ती एका विशिष्ट कोनात वाकवून धरतो आणि चार्जिंग सुरू झालं की श्वास रोखून फोन तिथेच ठेवतो!

आता कल्पना करा, हीच वायर दर सहा सेकंदांनी एकदा पुढे आणि एकदा मागे वाकतेय, दिवसाचे चौदा तास, वर्षाचे तीनशे दिवस. कारखान्यातल्या हलणाऱ्या मशीनच्या केबलचं आयुष्य असंच असतं. आजच्या लेखात अशी केबल कशी निवडायची ते बघू. पण आधी मला हा विषय का शिकावा लागला, ते सांगतो.

बग माझ्या कोडमध्ये नव्हता

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्याजवळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीनचा डेटा गोळा करणारं सॉफ्टवेअर आमची टीम बसवत होती. तिथे एक गॅन्ट्री लोडर होता. म्हणजे वरच्या रुळावरून मागे-पुढे धावणारा हात, जो कन्व्हेयरवरून जॉब उचलून सीएनसी मशीनमध्ये ठेवतो.

मी एक अपडेट टाकला आणि दोनच दिवसांत लोडर मध्येच थांबायला लागला. स्क्रीनवर एन्कोडरचा एरर. रीसेट केलं की पुन्हा चालू. कधी दिवसातून एकदा, कधी सात वेळा. सगळ्यांचं बोट माझ्या अपडेटकडे. मी जुनं व्हर्जन परत टाकलं, तरी तेच. मग सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरवर आळ आला, कारण सगळ्यात जास्त एरर त्याच्याच शिफ्टमध्ये यायचे. “तूच काहीतरी बटण दाबतोस” हे त्या पोराला सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं.

मेंटेनन्समधले इलेक्ट्रिशियन दादा तेवढे म्हणत होते, “सर, कोड राहू द्या हो. आधी केबल बघू.” मी म्हटलं, “दादा, केबल तुटली असती तर मशीन चालूच झालं नसतं ना?” ते नुसते हसले.

शेवटी मी लॉग काढला आणि प्रत्येक एररच्या वेळी लोडर रुळावर कुठे होता ते मांडून बघितलं. जवळजवळ सगळे एरर १३८० ते १४२० मिलिमीटरच्या पट्ट्यात! शिफ्ट कुठलीही असो, एरर तिथेच. सेकंड शिफ्टला काम जास्त, म्हणून फेऱ्या जास्त, म्हणून एररही जास्त. बस, एवढंच.

केबल ड्रॅग चेनमधून जात होती. ड्रॅग चेन म्हणजे रणगाड्याच्या पट्ट्यासारखी प्लास्टिकची साखळी, जी केबलला सांभाळून मशीनबरोबर हलते. लोडर जसा सरकतो तसा या साखळीचा वळणाचा भाग पुढे-मागे होतो. त्यामुळे लोडर ठराविक जागी आला की केबलचा ठराविक तुकडा वळणात येतो. आमच्या केबलमधली एक कोर आतून तुटली होती. सरळ असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकायची आणि सगळं ठीक चालायचं. वळणात आली की क्षणभर सुटायची. झालं, एरर!

वाकल्याने तांबं का तुटतं?

लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवून तोडली आहे ना कधी? तेच इथे होतं, फक्त हळूहळू. तार वाकली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. हा ताण तारेच्या जाडीवर आणि वळणाच्या त्रिज्येवर अवलंबून असतो. तार जितकी जाड आणि वळण जितकं घट्ट, तितका ताण जास्त.

हिशोब सोपा आहे. दीड स्क्वेअर एमएमची एकच भरीव तार घेतली तर तिचा व्यास साधारण १.३८ मिमी. ती १०० मिमी त्रिज्येत वाकवली तर बाहेरच्या बाजूला अंदाजे ०.७ टक्के ताण येतो. त्याऐवजी तेवढंच तांबं ०.२५ मिमीच्या तीस बारीक तारांमध्ये वाटलं, तर प्रत्येक तारेवर ताण येतो साधारण ०.१३ टक्के. म्हणजे पाच पटींहून कमी!

पण यात एक अट आहे. त्या बारीक तारा एकमेकींवरून सरकायला हव्यात. शंभर पानी वही वाकवून बघा, सहज वाकते, कारण पानं सरकतात. तीच पानं फेव्हिकॉलने चिकटवली तर पुठ्ठा होईल. म्हणून चांगल्या केबलमध्ये तारा बारीक असणं पुरत नाही, त्या कशा पिळल्या आहेत हेही तितकंच महत्त्वाचं असतं.

‘फ्लेक्सिबल’ लिहिलंय म्हणजे चालेल का?

सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. आमच्या त्या केबलवरही ‘फ्लेक्सिबल’ लिहिलेलं होतंच की!

आयईसी ६०२२८ नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकात तांब्याच्या तारांचे वर्ग दिले आहेत. वर्ग १ म्हणजे एकच भरीव तार. वर्ग २ म्हणजे थोड्या जाड तारांचा पीळ. हे दोन्ही एका जागी कायम बसवायच्या केबलसाठी. वर्ग ५ म्हणजे फ्लेक्सिबल आणि वर्ग ६ त्याहून बारीक तारांचा. दीड स्क्वेअर एमएमच्या केबलमध्ये वर्ग ५ ची एकेक तार जास्तीत जास्त ०.२६ मिमीची असू शकते, वर्ग ६ ची ०.१६ मिमीची.

पण हा वर्ग फक्त तांब्याबद्दल सांगतो. मिक्सरची वायरही फ्लेक्सिबल असते. ती वळवून ओट्यावर ठेवता येते, कधीमधी हलवता येते. दिवसाला आठ हजार वेळा वाकण्यासाठी मात्र ती बनवलेलीच नसते. त्यासाठी ‘सतत हालचालीसाठी’ किंवा ‘ड्रॅग चेनसाठी’ असं स्पष्ट लिहिलेली केबल लागते. तिच्या डेटाशीटमध्ये किमान वळण त्रिज्या, कमाल वेग आणि किती फेऱ्या चालेल हे आकडे असतात. हे आकडेच नसतील तर ती केबल या कामाची नाही असं समजा.

आधी हालचाल ओळखा

केबल निवडताना आपण पहिला प्रश्न विचारतो, “किती अँपिअर?” तो हवाच. पण हलणाऱ्या मशीनसाठी त्याच्याही आधी विचारा, “ही केबल हलणार कशी?” मुख्य प्रकार चार आहेत.

१. एकाच दिशेत वाकणं: ड्रॅग चेनमधली केबल. सीएनसी, लोडर, पॅकिंग मशीन.

२. पीळ बसणं: रोबोटच्या मनगटाजवळची केबल. ती वाकण्यापेक्षा पिळली जास्त जाते. ड्रॅग चेनची उत्तम केबल इथे टाकली तरी ती लवकर खराब होऊ शकते. डेटाशीटमध्ये एका मीटरला किती अंश पीळ चालेल ते बघायचं.

३. लोंबकळणं: कारखान्यातल्या क्रेनखाली पडद्यासारखी घड्या घालत सरकणारी केबल. इथे बऱ्याचदा चपटी केबल वापरतात. तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टखालीही अशीच एक केबल लोंबत असते, केबिनबरोबर खाली-वर जाणारी.

४. रीळवर गुंडाळणं: इथे केबल वाकते आणि तिच्यावर ओढही बसते. म्हणून तिच्यात ओढ सहन करणारा वेगळा आधार असावा लागतो.

आता आकडे मांडू

आमच्या लोडरचंच उदाहरण घेऊ. मिनिटाला दहा फेऱ्या, दिवसाला चौदा तास. म्हणजे १० × ६० × १४ = ८,४०० फेऱ्या रोज. तीनशे दिवसांत २५ लाख २० हजार. आमची केबल १२५ कामाच्या दिवसांनी गेली, म्हणजे साडेदहा लाख फेऱ्या करून. खरं तर तिने बिचारीने खूपच साथ दिली होती!

दुसरा आकडा वळणाचा. ड्रॅग चेनच्या केबलना किमान त्रिज्या साधारणपणे त्यांच्या बाहेरच्या व्यासाच्या ७.५ ते १० पट लागते, काहींना १२ पटही. आमच्या केबलचा व्यास १२ मिमी आणि साखळीची त्रिज्या ७५ मिमी. म्हणजे फक्त सव्वासहा पट! केबल चुकीच्या प्रकारची होती आणि तिला वळणही जास्तच घट्ट मिळत होतं.

अशा वेळी दोनच मार्ग असतात. साखळी मोठ्या त्रिज्येची घ्या, नाहीतर केबल बारीक घ्या. आम्ही ९.५ मिमी व्यासाची, ७.५ पट त्रिज्या चालणारी केबल घेतली. ९.५ × ७.५ = ७१.२५ मिमी. साखळीच्या ७५ मध्ये बसली.

बाहेरचं आवरण आणि आतली जाळी

आवरण जागेनुसार निवडा. कोरडी जागा आणि हलकं काम असेल तर पीव्हीसी चालतं, पण थंडीत ते कडक होतं. कूलंट, तेल, धातूचा चुरा असेल तर पीयूआर, म्हणजे पॉलियुरेथेन बरं. ते घासलं तरी लवकर फाटत नाही. सिलिकॉन उष्णता छान सोसतं, पण पटकन चिरतं. ड्रॅग चेनमध्ये घासाघासी असल्याने ते जपून.

एन्कोडर आणि सर्वो मोटरच्या केबलला शील्डही लागतं, नाहीतर ड्राइव्हचा विद्युत गोंगाट सिग्नलमध्ये घुसतो. फक्त पातळ फॉइलचं शील्ड सततच्या हालचालीत फाटतं. म्हणून बारीक तारांची विणलेली जाळी असलेली केबल घ्या.

चांगली केबलही अशी खराब होते

- गुंडाळीतून वेटोळी तशीच ओढून काढल्याने. तिला पीळ बसतो. गुंडाळी फिरवत सोडा, केबल सरळ अंथरून थोडा वेळ तशीच राहू द्या, मग बसवा.
- साखळीच्या आत केबल टायने करकचून बांधल्याने. आत ती मोकळी हवी. व्यासाच्या किमान दहा टक्के जागा सोडा आणि केबल एकमेकींवर चढू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या घाला.
- टोकाला पकड नसल्याने. दोन्ही टोकांना केबल क्लॅम्पने धरा, म्हणजे हालचाल ग्लँडपर्यंत पोचत नाही. चार्जर पिनजवळ तुटतो तो याच कारणाने: मऊ वायर जिथे कडक भागाला मिळते तिथेच सगळं वाकणं जमा होतं.
- साखळीच्या आत जोड मारल्याने. तो भाग कडक होतो आणि बाजूला नवीन तुटण्याची जागा तयार होते.

केबल बाहेरून नागमोडी किंवा स्क्रूसारखी पिळलेली दिसली, कुठे फुगलेली दिसली, तर समजा आतला पीळ सुटलाय. आता एररची वाट बघू नका.

सगळ्यात धोक्याची तार कोणती?

दादांनी मला शिकवलेली ही गोष्ट मी कधी विसरणार नाही. एन्कोडरची तार तुटली तर एरर येतो. इमर्जन्सी स्टॉपचं सर्किट असं बनवलेलं असतं की त्याची तार तुटली तर मशीन थांबतं. पण मोटरच्या केबलमधली हिरवी-पिवळी तार, म्हणजे अर्थिंग, तुटली तर? काहीच होत नाही. एरर नाही, आवाज नाही. मशीन मजेत चालू राहतं. आणि ज्या दिवशी आत दुसरी एखादी तार उघडी पडून मशीनच्या सांगाड्याला टेकेल, त्या दिवशी तिथे हात लावणाऱ्याला शॉक बसू शकतो.

मल्टिमीटरचा बझर वाजला म्हणून निर्धास्त होऊ नका. तीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी बझर वाजतो. अर्थिंगची खरी तपासणी जास्त करंट सोडणाऱ्या टेस्टरने आणि जाणकार इलेक्ट्रिशियननेच करायची. सप्लाय बंद करून लॉक लावल्याशिवाय आणि ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबल्याशिवाय पॅनेलला हात नाही, कारण आतले कपॅसिटर नंतरही चार्ज असतात.

थोडक्यात

केबल मागवताना दुकानदाराला किंवा कंपनीला एवढं लिहून द्या: हालचालीचा प्रकार, वर्षाच्या फेऱ्या, साखळीची त्रिज्या, वेग, तेल-पाणी-तापमान, करंट आणि व्होल्टेज, शील्ड हवं की नको. आणि बसवलेली तारीख नोंदवून ठेवा. हलणारी केबल ही बेल्ट किंवा बेअरिंगसारखी झिजणारी वस्तू आहे. तिचं आयुष्य ठरलेलं असतं, ते संपण्याआधी बदलायची.

आमची नवी केबल जुनीच्या जवळजवळ तिप्पट भावाची होती. खरेदी विभागाने कुरकुर केली. मी त्यांना फक्त लोडर बंद राहिलेल्या तासांची यादी दाखवली, विषय संपला. लोडर आता नीट चालतो. केबल बदलल्यावर मी सेकंड शिफ्टला थांबून त्या ऑपरेटरला तो ग्राफ दाखवला आणि सॉरी म्हटलं. तो म्हणाला, “सर, हे सगळ्यांना पण दाखवा ना.” दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये दाखवला.

तुमचा एखादा मित्र आयटीआय किंवा डिप्लोमा करून कारखान्यात लागला असेल, तर हा लेख त्याला नक्की पाठवा. आणि हो, तो चार्जर कोनात धरून वापरणं बंद करा, नवीन घ्या!