कुणीच काही बदललं नव्हतं

मंगळवार, १८ जुलै २०२३, पुणे

सकाळी ८:४०
हिंजवडीच्या वाटेवर बस पावसात अडकली आहे. फोनवर निरोप येतो, रात्रीचा बिल्ड फेल झाला. एकही टेस्ट चाललेली नाही. टेस्ट एन्व्हायरन्मेंट उभं राहतानाच पिप थांबलं.

९:३०
टीममध्ये नव्याने आलेली मुलगी माझी वाट बघत बसली आहे. "मी काहीच बदललं नाही," तिचं पहिलं वाक्य. परवाचा आणि कालचा कोड ताडून पाहते. खरंच एक अक्षर बदललेलं नाही. आधी तिला तेवढंच सांगते, हे तुझ्यामुळे झालेलं नाही. धास्तावलेल्या माणसाला एरर नीट वाचता येत नाही.

९:५०
दोघी लॉग उघडतो. तळाशी एवढंच, की व्हील बनवण्याची तयारी फसली, एक्झिट कोड १, आणि हा दोष बहुधा पिपचा नाही. बहुतेक जण हीच ओळ उचलून उत्तर शोधायला जातात. पण पिप इथे नुसता निरोप्या आहे. कामाची ओळ त्याच्या वर, ट्रेसबॅकच्या शेवटी सापडते: ॲट्रिब्यूट एरर, सायथन सोर्सेस. आणखी वर गेल्यावर कळतं, त्या वेळी पाययॅमल ५.४.१ चं काम चालू होतं.

१०:३०
तिच्या लॅपटॉपवर मात्र हेच पॅकेज बिनतक्रार बसतं. पूर्वी कधीतरी बनवलेलं व्हील पिपने कॅशमध्ये जपून ठेवलंय. आमचा कंटेनर रोज रात्री कोऱ्या पाटीने सुरू होतो. नवं व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट करून, कॅश न वापरता पुन्हा इन्स्टॉल करायला सांगते. तीच एरर! मला हायसं वाटतं. हवी तेव्हा समोर आणता येते, ती एरर निम्मी सुटलेली असते.

११:१५
आता कारण. पाययॅमल ५.४.१ ची तयार व्हील्स पायथन ३.९ पर्यंतच आहेत. आम्ही ३.१० वर, त्यामुळे पिप ते सोर्समधून बनवतं. त्यासाठी ते एक वेगळं, तात्पुरतं एन्व्हायरन्मेंट उभारतं आणि पॅकेजने मागितलेली साधनं तिथे आणतं. पाययॅमलने सायथन मागितलंय, कोणती आवृत्ती ते न सांगता. कालच सायथन ३.० आलं, आणि जुन्या बिल्डला जे हवं होतं ते त्यात राहिलेलं नाही. आमच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये प्रत्येक आवृत्ती ठरवून लिहिलेली आहे, पण त्या तात्पुरत्या जागेत ही फाइल कुणी वाचत नाही.

दुपारी १:००
डबा. ती आता नीट जेवते आहे.

२:००
उपाय तपासतो. पाययॅमल ६.०.१ मध्ये हा प्रश्न सुटलाय; पण आमच्याकडच्या डॉकर कंपोज १.२९.२ ला सहाच्या खालचंच पाययॅमल लागतं. पायथन ३.९ वर परत जावं, तर आमच्या कोडमध्ये मॅच स्टेटमेंट आहे, ते ३.१० पासूनचं. मग एक छोटी कन्स्ट्रेंट फाइल करतो. त्यात एकच ओळ, सायथन तीनच्या खालचं. कमांडला ऑप्शन म्हणून दिली तर ती आतल्या बिल्डपर्यंत पोचत नाही. पिपच्या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून दिली की पोचते, कारण आतलं पिपही ते व्हेरिएबल वाचतं.

३:१०
कॅशशिवाय इमेज नव्याने बनवली. पाययॅमल बसलं. टेस्ट सुरू झाल्या आणि दोन फेल झाल्या. तिचा चेहरा पडतो. मी दाखवते: या दोन्ही आमच्याच कोडमधल्या खऱ्या चुका आहेत. सकाळपासून एन्व्हायरन्मेंटच उभं नव्हतं, म्हणून त्या झाकलेल्या होत्या.

५:३०
जाण्याआधी टिपण. पूर्ण लॉग, पायथनची आवृत्ती, कारण, उपाय. कन्स्ट्रेंट फाइलमधल्या त्या ओळीच्या वर तिनेच कॉमेंट लिहिली: "पाययॅमल ५.४.१ सोर्समधून बनावं म्हणून. जुनी डॉकर कंपोज काढली की ही ओळही काढावी." सहा महिन्यांनी ही फाइल उघडणाऱ्याला आमचा आजचा दिवस पुन्हा घालवावा लागणार नाही.